रक्तगटाचा रकाना

आमच्या वसतिगृहाचा प्रवेशअर्ज चार पानी आहे. पहिल्याच पानावर रक्तगटाचा रकाना आहे. मुलगी नाव लिहिते, जन्मतारीख लिहिते, आधार क्रमांक मोबाइलमध्ये बघून उतरवते आणि या रकान्यापाशी पेन थांबवून वडिलांकडे बघते. वडील आईकडे बघतात. आई म्हणते, "धावीत तपासलावता की. कुठला निघालावता ओ?" मग गावाकडे फोन जातो, कपाटातली फाइल शोधली जाते आणि मागे रांग वाढत जाते.

कोल्हापुरातल्या मुलींच्या एका वसतिगृहाची मी रेक्टर आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि पदवीच्या मुली आमच्याकडे राहतात. हे काम करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं. घर सोडून पहिल्यांदा कॉलेजला येणाऱ्या मुलीजवळ सामान भरपूर असतं, पण स्वतःबद्दलची माहिती फार थोडी असते. तिचा रक्तगट, तिच्या गोळ्यांचं नाव, तिची फी कुठून भरली, जातवैधता प्रमाणपत्राची मूळ प्रत कुठे ठेवली आहे, हे सगळं घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं. मुलीला सोडायला येणं म्हणजे माझ्या लेखी ही माहिती तिच्या स्वाधीन करणं. गादी-बादली काय, महाद्वार रोडलाही मिळते.

मुली येतात त्या ऐन पावसात. सीईटीचा निकाल, मग कॅप राउंड, कुणी पहिल्या फेरीत सीट फ्रीझ केलेली, कुणी बेटरमेंटची वाट बघत थांबलेली, असं करत करत जुलै-ऑगस्ट उजाडतो. चंदगड, आजरा, गगनबावड्याहून येतात. करूळ आणि फोंडा घाट चढून सिंधुदुर्गातून येतात. जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यातून येतात, आणि नंबर लागला म्हणून बीड-लातूरहूनही येतात. त्यांतल्या कितीतरी जणींनी बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास वापरलेला असतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेत नेऊन सोडते. त्यापुढचा रस्ता पहिल्यांदाच तिकीट काढून होतो.

मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं आणि आमच्या व्हरांड्यातली गर्दी बदलली. पूर्वी बहुतेक वेळा वडील एकटे यायचे, नाहीतर भाऊ मोटारसायकलवर ट्रंक बांधून घेऊन यायचा. आता आई येते, मावशी येते, कधी आजी येते. मला हे फार बरं वाटतं. आईने खोली पाहिलेली असली की रात्री फोनवर मुलगी "खिडकीपाशी बसलोय" म्हणाली तरी आईला खिडकी दिसते. वडील खोलीचं भाडं विचारतात. आई संडासाचं दार लागतं का ते बघून येते, गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं ते विचारते, मेसमध्ये जाऊन आमटीचं पातेलं उघडून बघते. यातला एकही प्रश्न मला आगाऊ वाटत नाही.

माझ्या टेबलासमोर पूर्वी दोन खुर्च्या होत्या. मी मुलीला विचारायचे, "नाव काय गं तुझं?" आणि उत्तर वडिलांकडून यायचं. "कुठली ब्रँच मिळाली?" यालाही तेच. शेवटी मी एक खुर्ची उचलून आत ठेवली. आता टेबलासमोर एकच खुर्ची असते आणि ती मुलीची. घरच्यांसाठी मागे भिंतीला लागून बाकडी आहेत. तिथून बोलायचं तर मान वळवावी लागते, आवाज चढवावा लागतो, मग आपोआप मुलगी बोलायला लागते. पहिले दोन-तीन प्रश्न अडखळत जातात. चौथ्याला ती सरळ माझ्याकडे बघून उत्तर देते. एका वडिलांनी मागून काकुळतीने सांगितलं होतं, "मॅडम, पोरगी लई भित्री हाय बगा. तुमीच जरा समजून घ्या." पोरगी तोवर मला आपल्या कॉलेजचा बसनंबर सांगत होती.

रॅगिंगविरोधी शपथपत्र मी मुलीला मोठ्याने वाचायला लावते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे ते विद्यार्थ्याने आणि पालकाने दोघांनीही द्यायचं असतं. लोक न वाचता सही करतात, जणू तो पोस्टातला फॉर्म आहे. वाचून झालं की १८००-१८०-५५२२ हा मदतीचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये तिच्याच हाताने घालायला लावते. आमच्या इमारतीत तो कधी लावावा लागू नये असंच मला वाटतं. पण नंबर तिच्याजवळ असलाच पाहिजे, आणि कधी तक्रार माझ्याविरुद्ध करावी लागली तर त्यासाठीही असला पाहिजे.

हे काम कोल्हापुरात करताना मागच्या लोकांची आठवण येतेच. १९०१ साली शाहू महाराजांनी इथे मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं. शिकायची इच्छा असलेला खेड्यातला मुलगा शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न महाराजांनी शाळेच्या प्रश्नाइतकाच मोठा मानला. कर्मवीर भाऊराव पाटील याच शहरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग चालवायला घेतलं, आणि तिथली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. वसतिगृह चालवणारी बाई लक्ष्मीबाईंना विसरू शकत नाही. मेसवाला दोन दिवस आला नाही की मला त्याच आठवतात. ही बोर्डिंगं मुलांची होती. मुलींच्या वाट्याला अशी जागा फार उशिरा आली, म्हणून आज आमच्या व्हरांड्यात बॅगा घेऊन बसलेल्या मुली बघताना मला दरवर्षी तोच आनंद होतो, आणि कॉट कमी पडल्या म्हणून एखादीला परत पाठवावं लागलं की तो दिवस वाईट जातो.

सामानाबद्दल थोडक्यात सांगते. चार्जर, कुलूप आणि दोन जादा चाव्या, छत्री, बादली, मग, ताट-वाटी, जाडसर चादर, एवढं पुरतं. कांदा-लसूण चटणीची बरणी येतेच आणि पहिल्या आठवड्यात ती सगळ्या मजल्याची होते. चंदगडकडच्या मुली वाकळ आणतात. आजीच्या जुन्या लुगड्यांची ती वाकळ इथल्या पावसात कुठल्याही दुकानी पांघरुणापेक्षा उबदार असते. काही मुलींना सुरुवातीला ती दाखवायला संकोच वाटतो, डिसेंबरात शेजारची कॉटवाली मागायला येते.

पैशाकडे येते, कारण तिथे जास्त घोटाळा होतो. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. मोठा निर्णय आहे आणि त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या मुलींत ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही अशा मुली वाढल्या. पण गावात बातमी पोचते ती "पोरींचं शिक्षण फुकट झालं" एवढीच. मग वडील इथे येतात, खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना ऐकतात आणि गप्प होतात. ती माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, राहण्या-जेवणाची त्यात नाही. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातींच्या मुलींसाठी स्वाधार आहे, आदिवासी मुलींसाठी स्वयम् आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, कागद वेगळे, आणि पैसे खात्यावर यायला वेळ लागतो. पहिले काही महिने घरातूनच भागवावे लागतात.

असेच एक वडील समोर होते. हातातली पिशवी त्यांनी उगीच दोनदा उघडून बंद केली आणि मला म्हणाले, "जरा भाईर येता का मॅडम?" व्हरांड्याच्या टोकाला नेऊन हळू आवाजात त्यांनी सांगितलं, दोन हप्ते करून द्या, दुसरा उसाचं बिल आलं की देतो, पण पोरीला कळू देऊ नका. मी हप्ते करून दिले. पोरीला न सांगण्याचं मात्र कबूल केलं नाही. त्यांना म्हटलं, "भाऊ, ती अठरा वर्षांची आहे. तुम्हीच सांगा, आत्ता, माझ्यासमोर." त्यांनी सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिल कधी हुतंय आप्पा?" दुसऱ्या हप्त्याची तारीख तिने आपल्या वहीत लिहून घेतली. पुढे भत्त्याचा अर्ज तिने स्वतः शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरला, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून स्वतः काढून आणला, त्रुटी निघाली तेव्हा दुरुस्त केली. ज्या मुलींना घरची ओढाताण ठाऊक नसते त्या बिचाऱ्या वर्गाच्या सहलीला नाव देऊन बसतात आणि घरी रात्र रात्र चर्चा चालते. ठाऊक असलेल्या मुली खचतात असं घरच्यांना वाटतं. मी तरी तशी खचलेली मुलगी क्वचितच पाहिली.

आजाराची गोष्ट याहून अवघड आहे.

एका वर्षी सप्टेंबरात मध्यरात्री दुसऱ्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. गेले तर पहिल्या वर्षाची एक मुलगी जमिनीवर, अंग ताठ, हातपाय झटके देत होते. रूम पार्टनर भिंतीला टेकून रडत होत्या. कुणी चप्पल हुंगवायला निघाली होती, कुणी दातांत चमचा घालायला. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं. त्याला एका कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, धरून दाबून ठेवायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर दवाखाना गाठायचा. तिचे झटके थांबले. तरी आम्ही रिक्षाने तिला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी आली होती का, गोळ्या चालू आहेत का? मुलगी म्हणाली, "न्हाई." मी तिचं कपाट उघडलं. स्टीलच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, बऱ्याचशा न फोडलेल्या. तिला आईने लहानपणापासून सांगितलं होतं की या ताकदीच्या गोळ्या आहेत. इथे आल्यावर मेसचं जेवण अंगी लागलं, तब्येत बरी वाटायला लागली, म्हणून तिने त्या बंद केल्या. फिटच्या गोळ्या अशा एकाएकी बंद केल्या की झटके उलटून येऊ शकतात, हे तिला कोण सांगणार? तिला आजारच ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी आई आली. माझ्यासमोर बसून पदर तोंडाला लावून रडली. "पुढं लग्नाचं बगायचं हाय मॅडम. नाव झालं तर कोण करून घ्यायचं?" त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. आपल्याकडे ती खरीच आहे. नीट औषध घेऊन शिकणारी, नोकरी करणारी, संसार करणारी कितीतरी माणसं असतात, तरी गावात एकदा शब्द सुटला की तो परत येत नाही. पण त्या भीतीपायी मुलीपासूनच मुलीचा आजार लपवला गेला होता. डॉक्टरांना तिचा पहिला प्रश्न होता, "मला हे कधीपासून हाय?" उत्तर आईने दिलं. पुढचे काही आठवडे ती आईशी फोनवर धड बोलली नाही. नंतर तिने गोळीचं नाव आणि मात्रा एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, आणि दोन्ही रूम पार्टनरना फिट आल्यावर काय करायचं ते समजावून सांगितलं. त्या मुलींनी बाहेर चकार शब्द काढला नाही. अठरा वर्षांच्या मुलींवर आपण ठेवतो त्यापेक्षा जास्त विश्वास ठेवता येतो.

त्या वर्षापासून मी प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक आईला पाच मिनिटं एकटीला आत बोलावते. आधी आईला, मग दोघींना मिळून. दमा, फिट, पाळीचा त्रास, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, झोपेत चालणं, मन उदास होणं, काहीही असो. तुमच्या मुलीचा प्रवेश यामुळे रद्द होणार नाही, आणि हे माझ्या कपाटातल्या बंद पाकिटाबाहेर जाणार नाही, एवढं आधी सांगते. बायका बोलतात. विचारणारं कुणी असलं की बोलतातच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पाणीउपसा केंद्रं बुडाल्यामुळे शहराचे नळ बंद झाले. आमची इमारत उंचावर होती, बोअर होती, त्यामुळे आम्ही तरलो. घर सोडून जेमतेम आठवडा-पंधरवडा झालेल्या मुली, न्यायला कुणी येऊ शकत नाही. त्यांनी बादल्यांची साखळी करून तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढवलं, मेसमध्ये भाकऱ्या थापल्या.

त्यांतली एक शिरोळ तालुक्यातली. गाव नदीकाठी, सगळं रिकामं केलेलं, एवढं तिला बातम्यांत कळलं होतं. आई-वडिलांचे फोन बंद. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला लाव. तिच्या मोबाइलमध्ये नातेवाइकांचे नंबर नव्हते. काकांचा नाही, मामांचा नाही, गावातल्या कुणाचा नाही. लागला तर घरीच फोन लागायचा, बाकीचं वडील बघायचे. तिचा दिवस कसा गेला ते मी पाहिलं आहे. संध्याकाळी दुसऱ्याच एका मुलीकडून त्यांच्या हायस्कुलातल्या सरांचा नंबर मिळाला. सर जयसिंगपूरला पूरग्रस्तांच्या कामात होते. त्यांनी शोधून सांगितलं, घरचे सगळे सुखरूप आहेत, वडील म्हशींना सोडून यायला तयार नव्हते म्हणून शेवटच्या फेरीत बाहेर निघाले. पाणी उतरल्यावर वडील आले तेव्हा तिने त्यांना बसवून सगळ्या नात्यातले नंबर लिहून घेतले.

आता आमच्या अर्जाला एक कोरं पान जोडलं आहे. त्यावर मुलीने स्वतःच्या अक्षरात किमान पाच माणसांची नावं, नातं आणि नंबर लिहायचे. वडील-आई सोडून. मोबाइलची बॅटरी संपते, टॉवर बंद पडतो, कागद राहतो. एक प्रत माझ्याकडे, एक तिच्या कपाटात.

निघायची वेळ झाली की मी स्वतःच सांगते, चारची गाडी धरा, अंधार करू नका. मेसची पहिली घंटा मुलीने इतर मुलींबरोबर ऐकावी. पहिल्या रविवारी घरी बोलावू नका, निदान तीन आठवडे जाऊ द्या. ज्या मुली पहिल्याच शनिवारी घरी जातात त्यांना सोमवारी परत यायला फार जड जातं. फोन रोज करा, पण ती काय जेवली एवढंच विचारू नका. शेजारची कॉट कुणाची, तिचं गाव कुठलं, हे विचारा. रडली तर रडू द्या. बहुतेकींचं गणपतीपर्यंत थांबतं. ज्यांचं थांबत नाही, ज्या जेवत नाहीत, वर्गाला जात नाहीत, त्यांच्याबद्दल मला सांगा. तिथे वाट बघायची नसते.

यंदा जे मुलीला किंवा मुलाला सोडायला निघणार असतील त्यांना एवढंच मागते. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरून झाली की मुलीला घेऊन बसा. तिच्या आजारपणाची सगळी हकिकत, गोळ्यांची नावं, फीचे पैसे कुठून आले आणि पुढचे कुठून येणार, घरावर कर्ज आहे का, मूळ कागद कुठे ठेवलेत, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, हे सगळं तिला तुमच्या तोंडून सांगा आणि फाइल तिच्या हातात द्या. रक्तगट माहीत नसेल तर जवळच्या लॅबमध्ये तो तपासून घ्या, रिपोर्ट लगेच मिळतो. हे बोलणं घरीच होऊ दे. माझ्या टेबलापाशी एका मुलीला वीस मिनिटं मिळतात आणि मागे रांग असते.